लाल नाउन, हिरवं व्हर्ब

४ मार्च, सोमवार, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे. मीही आता काचेच्या केबिनमध्ये बसतो, तेव्हा हरकत नसावी. नियम: रोज लिहायचं, खरं लिहायचं, आणि वही शर्टांच्या घडीखाली ठेवायची, कारण घरात सासूबाई आहेत.

४ मार्च, संध्याकाळी
फॅक्टरीत मीटिंग झाली. कंपनी विकली गेली हे माहीत होतं, कुणी घेतली ते आज कळलं. नवे साहेब आले. आधी बुटांचा आवाज, मग साहेब. म्हणाले, पुढच्या महिन्यापासून शिफ्टचा रिपोर्ट इंग्रजीत. त्याआधी हेड ऑफिसच्या मॅडम येऊन परीक्षा घेणार. तोंडी. नाउन, व्हर्ब, साधी साधी वाक्यं. जो पास होईल तो इन-चार्ज. जो नापास होईल तो परत टेबलावर.
टेबल म्हणजे तपासणीचं टेबल. आम्ही दारांची कुलपं बनवतो. टेबलापाशी दिवसभर उभं राहायचं, कुलूप लावायचं, कुलूप उघडायचं, पुढचं घ्यायचं. माझी उमेदीची सगळी वर्षं तिथं गेली, आणि गुडघेही तिथंच गेले. केबिनमध्ये फिरती खुर्ची आहे. ती मी सोडणार नाही, मेलो तरी.
साहेबांनी विचारलं, कुणाला काही अडचण? मी हात वर करून खणखणीत आवाजात म्हटलं, नो प्रॉब्लेम. साहेब खूश. म्हणाले, मग पहिला नंबर तुमचा.
इंग्रजीची तशी मला भीती नाही. वाचता येतं. अर्थ तेवढा राहतो.

५ मार्च, मंगळवार
बायकोला सांगितलं, परीक्षा नावापुरती आहे. ती म्हणाली, अहो मग आईला विचारा ना, घरात आयती बाई आहे.
तिच्या आईनं जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. आमच्याकडे त्या 'छत दुरुस्त होईपर्यंत' म्हणून आल्या. छत केव्हाच झालं. आता त्या छताखाली भाडेकरू राहतो आणि सासूबाई आमच्याकडे.
त्यांना विचारायचं? मी? या बाई वर्तमानपत्रातल्या चुकांना लाल पेनानं गोल करतात. दुधाच्या पिशवीवरची चूकसुद्धा सोडत नाहीत. त्यांच्यापुढे जाऊन नाउन म्हणजे काय हो, असं विचारण्यापेक्षा मी कुलूप गिळेन, किल्लीसकट.
ठराव: स्वतःचं स्वतः शिकायचं. कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

६ मार्च, बुधवार
रद्दीच्या दुकानातून व्याकरणाचं पुस्तक आणलं. पहिली पानं गायब आहेत. पुस्तक सुरू होतं ते 'म्हणून वरील सर्व शब्द नाउन होत' इथून. वरील कोणते ते कळायला मार्ग नाही. सोपा भाग कुणीतरी पळवला. लोकांना लाज नाही.

७ मार्च, गुरुवार
आमच्या घराची एक गोम आहे. बाहेरच्या खोलीत संध्याकाळी सासूबाईंचा वर्ग भरतो. शेजारपाजारची पाचवीतली पोरं, शाळेनं टाकून दिलेले चार बुटके बाक. वर्ग चालू असताना मधून कुणी जायचं नाही, असा त्यांचा हुकूम. आणि स्वयंपाकघर, बाथरूम, बाहेरचं दार, सगळं त्या खोलीच्या पलीकडे. मी कामावरून येतो, आतल्या खोलीत कपडे बदलायला जातो, आणि तेवढ्यात वर्ग सुरू होतो. मग वर्ग सुटेपर्यंत मी आत. स्वतःच्या घरात कोंडलेला माणूस. आज घशाला कोरड पडली होती, तसाच बसलो.
पण संकटात संधी शोधतो तोच इन-चार्ज. दाराला कान लावला तर सगळं स्वच्छ ऐकू येतं! नाउन म्हणजे नाव. माणसाचं, जागेचं, वस्तूचं. व्हर्ब म्हणजे कृती. अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणजे वस्तू कशी आहे ते. एवढंच? यासाठी एवढा गाजावाजा?
तेवढ्यात वर्ग सुटला, बायकोनं बाहेरून दार ढकललं आणि ते माझ्या कानावर बसलं. तिला सांगितलं, बिजागरी तपासत होतो. तिनं बर्फ आणून दिला.

९ मार्च, शनिवार
शिकलेलं डोक्यात राहत नाही. दोष डोक्याचा नाही, पद्धतीचा आहे. नवी पद्धत सुचली आहे आणि ती सुचल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटलं.
आमच्याकडे प्रत्येक कुलपाला गोल स्टिकर लागतं. हिरवं म्हणजे पास, माल बाहेर जाऊ दे. लाल म्हणजे नापास, भंगारात. पिवळं म्हणजे थांबवा, परत तपासा. या तीन रंगांवर माझं आयुष्य गेलं, झोपेतून उठवलं तरी सांगेन. तर तेच रंग व्याकरणाला लावायचे. लाल नाउन, हिरवं व्हर्ब, पिवळं अ‍ॅडजेक्टिव्ह. स्टिकरांची तीन रिळं घरी आणली. कंपनीच्या कामासाठीच आहे, तेव्हा याला चोरी म्हणता येणार नाही.

१० मार्च, रविवार
दिवसभर स्टिकर लावले. खुर्चीला लाल, कपाटाला लाल, फ्रीजला लाल. पंखा चालू असताना हिरवा, बंद असताना लाल, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. बायकोला लाल लावायला गेलो, तिनं हात झटकला. म्हणजे तीच व्हर्ब.
सासूबाईंनी फ्रीजवरचं स्टिकर पाहिलं आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, कंपनीचं आहे. त्या म्हणाल्या, फ्रीज कंपनी करते तुमची? मी म्हटलं, नवे साहेब बरंच काही करणार आहेत. तिथून सटकलो.

१२ मार्च, मंगळवार
भानगड. खुर्चीच्या पाठीला सरावासाठी पिवळं स्टिकर लावलं होतं आणि त्यावर पेनानं इंग्रजीत 'अ‍ॅडजेक्टिव्ह' लिहिलं होतं. सासूबाई त्या खुर्चीत टेकल्या, स्टिकर त्यांच्या शालीला चिकटलं, आणि त्या तशाच बँकेत, औषधाच्या दुकानात आणि ओळखीच्या दोन घरी जाऊन आल्या. आल्यावर स्टिकर काढून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, अ‍ॅडजेक्टिव्हमध्ये एक 'डी' लागतो, तो तुम्ही खाल्लात. शिवाय कोणतं अ‍ॅडजेक्टिव्ह, ते लिहिलेलं नाही.
मी म्हटलं, हे पोरांचं काम. पोरांच्या नावावर खपवलं. उद्यापासून घरात स्टिकर बंद. हा सराव आता फॅक्टरीतच करायचा. तिथं निदान मोकळा श्वास घेता येतो.

१३ मार्च, बुधवार
हल्ली सासूबाई फार मोठ्यानं शिकवतात. पाठ दाराकडे असायची, आता तोंड दाराकडे असतं. प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतात आणि मधे थांबतात. वयोमानानं कानाला कमी येत असणार. बिचाऱ्या. माझं मात्र फावलं, थांबतात तेवढ्यात लिहून होतं.
आतल्या खोलीत आज पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता. बायकोला अखेर सुचलं.

१५ मार्च, शुक्रवार
आज अभ्यास आणि काम यांची सांगड घातली. पूर्ण दिवस सत्कारणी.
टेबलावरून एक अख्खा लॉट आला, गरगऱ्यांचा. 'गरगरं' म्हणजे असं कुलूप, की आतून बटण दाबलं तर झकास लागतं, पण नंतर मूठ नुसती गरगर फिरते, उघडायचं नाव नाही. टेबलवाले अशा कुलपावर खडूनं फुली मारतात. स्टिकर मात्र इन-चार्जनंच लावायचं, आणि एकदा लागलं की त्यावर कुणी ब्र काढायचा नाही. आमच्याकडचा जुना दंडक. पुढची माणसं पुसट फुली बघत नाहीत, स्टिकर बघतात.
एकेक कुलूप हातात घेतलं आणि स्वतःला विचारलं, हे काय करतं? फिरतं. फिरणं हे काय? कृती. कृती म्हणजे? व्हर्ब. व्हर्ब कुठलं? हिरवं! लावलं. शिवाय प्रत्येक स्टिकरवर पेनानं इंग्रजीत 'व्हर्ब' लिहिलं, तेवढाच हात वळतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळा लॉट हिरवागार. एकदाही अडखळलो नाही. व्हर्ब आता माझ्या रक्तात आहे.
मधे लंबू आला. हा माझ्या हाताखालचा, टेबलावरचा. याला स्क्रू धरायला मी शिकवलं. म्हणाला, साहेब, हे फुलीवाले आहेत. मी म्हटलं, लंबू, मी सध्या इंग्रजीत विचार करतोय, मधे मराठी घालू नकोस. तोंड पाडून गेला. जळतो माझ्यावर. त्याचाही परीक्षेत नंबर आहे ना.

१६ मार्च, शनिवार
लंबू पुन्हा केबिनच्या दारात. साहेब, तो लॉट. म्हटलं, परीक्षा झाल्यावर बोल. म्हणाला, तोवर माल जाईल. म्हटलं, माल जाण्यासाठीच असतो. बरं वाक्य जमलं. इंग्रजीत करून बघितलं, नाही जमलं.

१८ मार्च, सोमवार
आता वाक्यं. सब्जेक्ट आधी, मग व्हर्ब, मग ऑब्जेक्ट. इंग्रज माणूस घाईत असतो, त्याला कृती आधी लागते. आपल्याकडे सगळं ऐकून घेतल्यावर शेवटी कळतं काय झालं ते. आपलं बरं आहे.
केबिनमध्ये जोरात म्हणून बघतो. आय अ‍ॅम इन-चार्ज. धिस इज माय चेअर. काचेपलीकडून लोक बघतात. त्यांच्या डोळ्यांत आदर दिसतो. केबिन काचेची असल्यानं खाजवतासुद्धा येत नाही, हा तेवढा तोटा.

२० मार्च, बुधवार
सराव करताना लोक येऊन विचारतात, साहेब काही हवंय का? लय तुटते. आज सगळ्यांना गोळा करून बजावलं: मी कुठंही इंग्रजी बोलताना दिसलो, ऐकू आलो, तर तो माझा अभ्यास आहे. जवळ यायचं नाही, हाक मारायची नाही, उत्तर द्यायचं नाही. लंबूलाच लक्ष ठेवायला सांगितलं. जबाबदारी दिली की माणूस सुधारतो.

२२ मार्च, शुक्रवार
प्रेपोझिशन. टेबलावर, टेबलाखाली, खोलीच्या आत, खोलीच्या बाहेर. सासूबाईंनी पोरांना उदाहरण दिलं. आय अ‍ॅम आउटसाइड. ही इज इनसाइड. पोरं खिदळली. का खिदळली कळलं नाही. इनसाइड, आउटसाइड अगदी पाठ झालं. एक गोष्ट आली की तिच्या आजूबाजूचं आपोआप येतं.
आज तांब्याशेजारी पेन्सिलही होती, टोक काढलेली. बायको हल्ली फार समजूतदार झाली आहे. तिला तसं सांगितलं नाही. चढून बसेल.

२३ मार्च, शनिवार
बरं वाटत नाही. झोप नाही. डोळे मिटले की टेबल दिसतं.
खरं लिहायचं असं ठरलं आहे म्हणून लिहितो. घरी आलो की आतली खोली, फॅक्टरीत गेलो की काचेची खोली. कुठंच कुणाला सांगता येत नाही की बाबांनो, मला हे येत नाही. मीच 'नो प्रॉब्लेम' म्हणून बसलोय. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एक क्षण वाटलं, जावं आणि सासूबाईंना सरळ विचारावं. उठलोही. दारापर्यंत गेलो. बाहेर त्या एका पोराला म्हणत होत्या, न विचारणारा तेवढा नापास होतो. माझ्याबद्दल नसणारच. तरी परत येऊन बसलो.

२५ मार्च, सोमवार
उद्या परीक्षा. तयारी चोख. परवा लिहिलं ते अपचनामुळे.
केबिनशेजारच्या बाथरूमला नवं कुलूप बसवलं. मॅडम येणार म्हणून साहेबांचा हुकूम. सुतारानं गोदामातून हिरव्या स्टिकरवालं एक उचललं आणि ठोकून दिलं. 'पाहुण्यांसाठी, वापरू नये' अशी पाटीही लावली. आपल्याच कंपनीचं कुलूप आपल्याच दाराला! पाहून ऊर भरून आला. मीच पास केलेलं असणार.

२६ मार्च, मंगळवार
क्रमानं लिहितो.
मॅडम आल्या. साध्या, ठेंगण्या, हसऱ्या. अशीच माणसं घात करतात. सगळ्यांनी मोबाइल बाहेरच्या टेबलावर ठेवायचे असं सांगितलं. ठेवला. पहिला नंबर माझा. म्हटलं, एकदा चिठ्ठीवरची वाक्यं डोळ्यांखालून घालू. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गेलो, कारण तेवढंच काचेचं नाही. आतून बटण दाबलं. वाक्यं वाचली. बाहेर यायला मूठ फिरवली.
फिरली. नुसती फिरली. गरगर.
पहिल्यांदा वाटलं, मी घाबरलोय म्हणून होतंय. दोन्ही हातांनी फिरवली. ढकललं, ओढलं, पाय लावला. या आवाजाशी माझी जन्माची ओळख. मग विचार केला, ओरडायचं तर काय ओरडायचं? बाहेर साहेब, मॅडम. मराठीत बोंब मारली तर परीक्षेआधीच निकाल. आणि नशिबानं या विषयावरची वाक्यं मला येत होती. म्हटलं, यातच इंप्रेशन पाडू. घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हटलं, द डोअर इज नॉट ओपनिंग. आय अ‍ॅम इनसाइड. यू आर आउटसाइड. प्लीज ओपन द डोअर.
एकही चूक नाही. आयुष्यात पहिल्यांदा.
बाहेर पावलं वाजली. जिवात जीव आला. मग लंबूचा आवाज, दबका: शूऽऽ! साहेबांचा अभ्यास चाललाय. कुणी जवळ जायचं नाही. कुणीतरी म्हणालं, किती सुरेख बोलतात. पावलं लांब गेली.
मी पुन्हा बोललो. जास्त जोरात. द डोअर इज नॉट ओपनिंग! प्लीज! बाहेर टाळ्या वाजल्या.
थोड्या वेळानं दारावर टकटक. मॅडम स्वतः. इंग्रजीत विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? आता हा प्रश्न पुस्तकात आहे आणि त्याचं उत्तर मी आंघोळ करतानासुद्धा पाठ केलंय. तोंडातून आपोआप बाहेर पडलं. येस मॅडम, आय अ‍ॅम ऑलराइट, थँक यू, नो प्रॉब्लेम.
म्हणून झाल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मॅडम गुड म्हणाल्या, तोवर पुढच्याला बोलवा म्हणाल्या आणि गेल्या.
भिंतीपलीकडून परीक्षा ऐकू येत होती. लंबूचा नंबर आला. अडखळत होता, पण बोलत होता. एक शब्द आला नाही तर सरळ म्हणाला, मॅडम, हे मला माहीत नाही. मॅडमनी सांगितला, त्यानं पुन्हा म्हटला. एवढंच. एवढंच करायचं होतं. मी आत चिठ्ठी चुरगाळत उभा. बसायला जागा नाही. गुडघे भरून आले. नळ ठिबकत होता. मला रडू आलं हे इथं लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठं सांगणार नाही.
मग मी मराठीत ओरडलो. अरे मेल्यांनो, दार उघडा, मी अडकलोय!
सगळे धावत आले. सुतारानं बाहेरून पट्टी खोलली, कुलूप काढलं, दार उघडलं. समोर साहेब, मॅडम, लंबू आणि निम्मी फॅक्टरी. साहेबांनी सुताराच्या हातातलं कुलूप घेऊन उलटं केलं. आतल्या बाजूला हिरवं स्टिकर. त्यावर पेनानं इंग्रजीत 'व्हर्ब'. त्याखाली खडूची फुली, पुसट झालेली.
साहेबांनी विचारलं, हे कुणाचं अक्षर? लंबूला सगळं माहीत होतं, तरी तो खाली बघत उभा राहिला. वाचवत होता मला. मी म्हटलं, माझं.
मॅडमनी माझी परीक्षा घेतलीच नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, बाथरूममधली वाक्यं बरोबर होती.

२७ मार्च, बुधवार
गेलो नाही. ताप. मोजला नाही, पण असणार.
फॅक्टरीतून फोन आला. गरगऱ्यांचा लॉट गावभर पसरलाय. एका लॉजमध्ये एक गृहस्थ दात घासायला आत गेले ते जेवणाच्या वेळी बाहेर आले. एका दुकानदारानं स्वतःलाच गोदामात कोंडून घेतलं. सगळा माल परत मागवलाय.
बायकोला म्हटलं, स्टिकरांची गुणवत्ता पूर्वीसारखी राहिली नाही.

२८ मार्च, गुरुवार
टेबल. साहेब म्हणाले, तुम्ही लावलेत, तुम्हीच सोडवा. परत आलेलं एकेक कुलूप घ्यायचं, उघडायचं, हिरवं खरवडायचं, लाल लावायलाही लंबूकडे द्यायचं, कारण स्टिकर इन-चार्जनंच लावायचं. इन-चार्ज लंबू. फिरत्या खुर्चीत त्याचे पाय मावत नाहीत, एवढंच समाधान.
मेला अजून मला साहेब म्हणतो. दुपारी खुर्ची बाहेर आणून देऊ का, म्हणाला. टेबलापाशी बसायचं नाही हा नियम मीच केला होता. म्हटलं, नो प्रॉब्लेम. सवय जात नाही.

२९ मार्च, शुक्रवार
उशिरा आलो. पाय सुजलेले. वर्ग सुरू होता, आत जायचं तर पोरांमधून. उंबऱ्यावरच थांबलो. सासूबाईंनी बोलणं थांबवलं. म्हणाल्या, जावईबापू, आतून ऐकून ऐकून कान दुखला असेल, आता बाकावर बसा.
एवढ्या पोरांसमोर! मी बायकोकडे पाहिलं. म्हटलं, तू सांगितलंस? ती म्हणाली, मी काहीच सांगितलं नाही. म्हटलं, मग तांब्या, पेन्सिल? ती म्हणाली, कुठला तांब्या?
सासूबाई फळ्याकडे वळल्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, मी वाट बघत होते, तुम्ही कधी विचाराल याची.
मी बसलो. विचारलं. नाउन म्हणजे काय, पहिल्यापासून सांगा. पुस्तकाची पहिली पानं नाहीत माझ्याकडे.

३१ मार्च, रविवार
ठराव: पुढच्या वर्षीपर्यंत केबिन परत. आज त्या दिशेनं मोठी झेप.
वर्गाचा नियम असा की उत्तर उभं राहून द्यायचं. माझी पाळी आली. बाक पाचवीच्या मापाचा, गुडघे खाली अडकलेले, निघेनात. शेजारी एक दात पडलेली चिमणी बसते, ती माझा हात धरून ओढायला लागली. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, त्यांनी बसून दिलं तरी चालेल, ते दिवसभर उभे असतात. माझ्यासाठी नियम मोडला. या बाईंनी.
प्रश्न होता, तुम्ही काय काम करता ते एका पूर्ण वाक्यात सांगा. मी विचार केला आणि म्हटलं, आय ओपन लॉक्स. सब्जेक्ट, व्हर्ब, ऑब्जेक्ट. चिमणी म्हणाली, बरोबर! सासूबाईंनी माझंच रीळ पुढं ओढलं आणि माझ्या वहीवर स्टिकर लावलं. पिवळं. थांबवा, परत तपासा. पण लाल नाही, याची मी नोंद घेतली आहे.
वर्ग सुटला. पोरं गेली. मी वहीत वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत होतो, म्हणून सासूबाई बायकोला म्हणाल्या, त्यांचा अभ्यास चाललाय, त्रास देऊ नकोस. दोघींनी दार ओढून घेतलं आणि बाजारात निघाल्या. मी उठायला गेलो. गुडघे बाकाखाली तसेच. एकदा जोर लावला, दोनदा लावला. जिन्यावर चपलांचा आवाज लांब जायला लागला.
या वेळी इंग्रजीत शिरलोच नाही. पहिल्या दमात मराठीत ओरडलो.